पाते बदलायची वेळ

तुमच्यापैकी बरेच जण नव्या इमारतींच्या शेजारी राहतात. ठाण्यात घोडबंदर रस्त्याला किंवा डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्याला जिकडे पाहावे तिकडे उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. इमारत तयार झाली की लोक राहायला येतात. लोक राहायला आले की घराघरांतून एक आवाज सुरू होतो. घुंऽऽऽ घुंऽऽऽ असा. कुठे कपाट बनत असते, कुठे पलंग, कुठे स्वयंपाकघरातील कप्पे. दुपारी जरा आडवे होणाऱ्या आजीला हा आवाज नकोसा होतो. आज मात्र आपण तो आवाज कान देऊन ऐकणार आहोत.

हा आवाज विजेवर चालणाऱ्या कटरचा असतो. सुतार त्याला 'चार इंची कटर' म्हणतात. खरे पाहता हे यंत्र फरशी आणि दगड कापण्यासाठी बनवलेले आहे. पण आपल्याकडचे कारागीर त्यालाच लाकडाचे पाते लावतात आणि प्लायवूड कापतात. हे पाते लहान थाळीसारखे गोल असते. त्याचा व्यास सुमारे ११० मिलिमीटर असतो आणि कडेला तीस किंवा चाळीस दात असतात.

कल्याणला लाकूडकाम नवे नाही. मुरबाड-शहापूरच्या जंगलात साग आहे आणि गावाला खाडी लागलेली आहे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी ही ठाणी घेतली. त्यानंतर याच खाडीच्या काठी त्यांच्या आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली. त्या सुतारांच्या हातात वीज नव्हती. त्यांची करवत माणसाच्या दंडाच्या जोरावर चालत असे. करवत बोथट झाली की सर्वांत आधी दंडालाच कळत असे. आता ते काम मोटर करते. मोटर दमली तरी तोंडाने काही बोलत नाही, म्हणून आपल्याला खुणा ओळखाव्या लागतात.

पुढे जाण्याआधी थोडे शब्द पाहू. उर्दूत आपण ज्याला 'आरी' म्हणतो, ती मराठीत 'करवत'. 'बुरादा' म्हणजे 'भुसा'. 'रेती' हे हत्यार म्हणजे 'कानस'. मराठीत रेती म्हणजे वाळू, तेव्हा दुकानात गोंधळ करू नका! 'रंदा' हा शब्द तर मराठीत 'रंधा' होऊन जसाच्या तसा आला आहे. 'धार' दोन्ही भाषांत धारच आहे. आणि 'कुंद' म्हणजे 'बोथट'. ज्याच्या डोक्यात लवकर प्रकाश पडत नाही त्याला आपण उर्दूत 'कुंदज़ेहन' म्हणतो. मराठीत त्याला 'मठ्ठ' म्हणतात. पाते मात्र मठ्ठ नसते, ते बोथट असते.

आता एक हिशेब करू. मी विज्ञान शिकवतो, म्हणून हिशेबाशिवाय मला राहवत नाही. चार इंची कटर रिकामा फिरत असताना मिनिटाला सुमारे १२,००० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला २०० फेरे. पात्याचा घेर किती? व्यास ०.११ मीटर, त्याला ३.१४ ने गुणले की सुमारे ०.३४५ मीटर होतात. म्हणजे पात्याचा प्रत्येक दात एका सेकंदात २०० गुणिले ०.३४५, म्हणजेच ६९ मीटर अंतर कापतो. ताशी हिशेब केला तर हा वेग जवळजवळ २५० किलोमीटर होतो. आपली कल्याणची फास्ट लोकल अगदी जोरात असली तरी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास धावते. आणि हा वेग माणसाच्या बोटांपासून वीतभर अंतरावर असतो.

हे सगळे मी तुम्हांला का सांगत आहे? त्याला एक कारण आहे. माझा एक विद्यार्थी सुट्टीत मोठ्या भावाबरोबर कामावर जात असे. यंत्र चालवायला नव्हे, फळी धरायला, चहा आणायला, भुसा झाडायला. डोंबिवलीतील एका घराचे काम होते. घरमालकांना दिवाळीच्या आधी कपाटे हवी होती. पात्याचा एक दात सकाळीच तुटला होता. भाऊ म्हणाला, "आजचा दिवस काढू, उद्या नवीन आणू." मुलाला सकाळपासून जळका वास येत होता. फळीची कड काळी पडत होती, तेही त्याला दिसत होते. पण भाईजान दहा वर्षांपासून काम करतात, त्यांना आपण काय सांगायचे, असे त्याला वाटले. संध्याकाळी पाते फळीत अडकले, कटर उसळला आणि भावाच्या डाव्या हातावर आला. दोन बोटे कापली गेली. डॉक्टरांनी एक बोट जोडले, दुसरे जोडता आले नाही.

त्या पात्याची किंमत काही शे रुपये होती. दुकान इमारतीच्या खालीच होते.

हा मुलगा पुढे मला म्हणाला, "सर, मला दिसत होते, पण ते काय आहे हे माहीत नव्हते." त्याचे ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. म्हणून मी कल्याणच्या दूध नाक्याजवळ राहणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. सगळा मोहल्ला त्यांना चाचा म्हणतो, मीही म्हणतो. चाचांनी पहिल्याच दमात मला एक गोष्ट सांगितली. ती मला फार पटली. ते म्हणाले, "पाते एकदम बोथट होत नाही, सर. रोज थोडे थोडे होते. चालवणारा रोज थोडा थोडा जास्त जोर लावतो. त्याच्या हाताला सवय होऊन जाते. बाहेरचा माणूस आला की त्याला लगेच कळते."

म्हणजे तुम्ही बाहेरचा माणूस आहात. यंत्राला तुम्ही हात लावायचा नाही, पण डोळे, कान आणि नाक तर तुमचेच आहेत.

सर्वांत आधी खाली पडलेला भुसा पाहा. धारदार दात लाकडाचे लहान लहान तुकडे कापून काढतो. असा भुसा चिमटीत धरला तर दाणेदार लागतो. बोथट दात कापत नाही, तो लाकूड घासतो. घासल्यावर काय निघते? पिठासारखी बारीक धूळ. सकाळी दाणेदार भुसा पडत होता आणि तेच लाकूड कापताना आता पीठ उडत आहे, तर पात्याची धार गेली असे समजावे. अर्थात लाकूड बदलले असेल तर ही खूण फसवते. एम.डी.एफ. नावाच्या फळ्या मुळात लाकडाच्या बारीक तंतूंपासूनच बनतात. त्या नव्या पात्यानेही पीठच सांडतात.

दुसरी खूण जळण्याची. घर्षणाने उष्णता निर्माण होते, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. थंडीत हात हातावर चोळून पाहिले असतील. बोथट पाते लाकडावर असेच चोळले जाते, पण ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने! मग फळीची कापलेली कड तपकिरी होते, पुढे काळी पडते आणि धूर निघतो. सनमायका लावलेली फळी असेल तर जळक्या प्लॅस्टिकसारखा वास येतो. त्याच वेळी सनमायकाच्या कडेचे बारीक कपचे उडालेले दिसतात. धारदार पात्याने कापलेली कड सरळ आणि गुळगुळीत असते. बोथट पात्याने कापलेली कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते.

आता आवाज. मोटर रिकामी फिरते तेव्हा तिचा सूर उंच असतो. पाते लाकडात शिरले की तो थोडा खाली येतो आणि तिथेच टिकतो. पाते बोथट असेल तर सूर खाली खाली जात राहतो, मोटर कण्हते, मधेच थांबल्यासारखी होते. कारागीर पुढे ढकलतो आणि यंत्र मागे रेटते. त्याच्या खांद्याकडे पाहा. खांदे वर चढले असतील, मान ताठ झाली असेल, तर तो कापत नसून ढकलत आहे. माझ्या मते ही सर्वांत विश्वासाची खूण आहे, कारण तिला यंत्राची काहीच माहिती लागत नाही. चांगले पाते स्वतःच्या ओढीने पुढे जाते. त्याला फक्त वाट दाखवावी लागते.

जोर लावून ढकलण्यात खरा धोका आहे. जोर लावला की पाते रेषा सोडते. रेषा सोडली की ते फळीत तिरके होऊन अडकते. पाते अडकले तरी मोटर मात्र फिरतच राहते. पात्याला पुढे जाता आले नाही तर सगळे यंत्रच उलट दिशेने, म्हणजे चालवणाऱ्याकडे उसळते. सगळे निमिषात होते, हात मागे घ्यायलाही सवड मिळत नाही. लोक समजतात की धारदार पाते धोक्याचे आणि बोथट पाते निरुपद्रवी. लाकूडकामात नेमके उलट आहे.

या खुणा दिसल्या की यंत्र बंद करून पाते तपासायचे. इथे चाचांचा एक नियम आहे आणि त्याला अपवाद नाही: बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढायचा. काढलेला प्लग स्वतःच्या पुढ्यात ठेवायचा, म्हणजे दुसरे कोणी चुकून लावणार नाही. पाते पूर्ण थांबेपर्यंत थांबायचे. बटण बंद केल्यावरही ते काही वेळ फिरत राहते. मगच चावीने नट सैल करून ते बाहेर काढायचे. हे काम मोठ्यांचे आहे. तुम्ही शेजारी उभे राहून पाहा.

काढलेले पाते उजेडात धरा. धारेवरून बोट फिरवू नका. दाताच्या टोकाची कड पाहा. खरी धारदार कड इतकी बारीक असते की तिच्यावर उजेड चमकत नाही. कड झिजून गोल झाली असेल तर तिथे एक बारीक पांढरी रेघ चमकते. ही रेघ जितकी रुंद, तितके पाते बोथट. नवे आणि जुने पाते शेजारी शेजारी धरले तर पहिल्या फटक्यात फरक कळतो.

या वेळी आणखी काही गोष्टी दिसतात. एखादा दात तुटलेला असतो. तेव्हा त्याच्या मागून येणाऱ्या दाताला दोघांचे काम करावे लागते, म्हणून पाते दर फेऱ्याला हिसका देते आणि तो दातही तुटण्याच्या मार्गाला लागतो. तुटलेला तुकडा बंदुकीच्या छऱ्यासारखा उडतो. दात तुटलेले पाते पुन्हा लावायचे नाही, एका फळीसाठीसुद्धा नाही. पात्याच्या अंगावर बारीक चीर दिसली किंवा पाते सपाट ठेवल्यावर डुगडुगले तरी तेच. कधी अंगावर निळसर डाग दिसतात. पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की त्याचा रंग निळा होतो. म्हणजे ते पाते एवढे तापून गेले आहे, आणि असे पाते पुढे सरळ राहीलच याची खात्री उरत नाही.

पण थांबा. पाते लगेच फेकू नका. पुष्कळ वेळा ते बोथट नसतेच, नुसते मळलेले असते. प्लायवूडमधील गोंद आणि लाकडातील राळ तापून पात्यावर चिकटते आणि दातांच्या बाजूला काळा थर बसतो. असे पातेही घासते, जाळते, धूर काढते. साबणाच्या कोमट पाण्यात ते थोडा वेळ ठेवावे, जुन्या टूथब्रशने घासावे, कोरडे पुसावे आणि तेलाचा हात फिरवावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात तेल विसरलात तर दोन दिवसांत गंज आलाच म्हणून समजा. साफ केल्यावरही पाते तसेच वागले, तर मग ते बोथट आहे.

आणखी काही वेळा दोष पात्याचा नसतो. पाते उलटे लावलेले असते. त्याच्यावर बाण असतो, तो यंत्रावरच्या बाणाच्या दिशेने हवा. लाकूड ओले असते. पावसाळ्यात फुगलेली फळी पात्याला चिमट्यासारखी पकडते. किंवा वीज पुरेशी पोचत नसते. लांबलचक, बारीक वायर जोडून तिसऱ्या मजल्यावर यंत्र चालवले तर मोटर नव्या पात्यानेही कण्हणारच. शंका आली तर चाचा एक सोपी युक्ती करतात. त्यांच्या पेटीत एक न वापरलेले पाते कायम असते. ते लावून तीच फळी कापायची. यंत्र सुतासारखे सरळ चालले तर दोष जुन्या पात्यात होता. नाही चालले तर दुसरीकडे शोधायचे.

आता प्रश्न असा की धार लावायची की पाते बदलायचे? जुन्या हातकरवतीला कानस घेऊन घरीच धार लावता येत असे. गोल पात्याचे तसे नाही. त्याच्या दातांच्या टोकांना वेगळा, फार कठीण पदार्थ जोडलेला असतो. त्याचे नाव टंगस्टन कार्बाइड. टंगस्टन धातू आणि कार्बन यांच्यापासून तो बनतो. नुसता कार्बाइड ठिसूळ असतो, म्हणून त्याची भुकटी कोबाल्ट धातूबरोबर दाबून, भाजून घट्ट करतात. ही रीत १९२० च्या दशकात जर्मनीत पुढे आली. तिथल्या एका कंपनीने या मालाला 'विडिया' असे नाव दिले. जर्मन भाषेत 'वी डियामांट' म्हणजे 'हिऱ्यासारखे'. त्याचे तुकडे जोडून हे नाव झाले. आपल्याकडच्या कारखान्यांतील कामगार आजही कार्बाइडच्या हत्याराला 'विडिया' म्हणतात. आपण जर्मन शब्द बोलत आहोत, हे त्यांच्यातील कितीजणांना माहीत असेल!

कार्बाइडवर साधी कानस चालत नाही. तिचेच दात झिजतील. त्याला हिऱ्याच्या भुकटीचे चाक लागते आणि धार लावणारा जाणकार लागतो. मोठ्या कारखान्यातील मोठे, महाग पाते अनेकदा धार लावून वापरतात, आणि ते परवडते. चार इंची स्वस्त पात्याला मात्र धार लावायचा खर्च आणि नव्याची किंमत यांत फारसे अंतर राहत नाही. म्हणून ते बदललेलेच बरे. नवे घेताना पात्यावर लिहिलेला फेऱ्यांचा आकडा वाचा. तो यंत्राच्या फेऱ्यांइतका किंवा त्याहून जास्त हवा. यंत्र १२,००० फेऱ्यांचे आणि पाते ८,००० चे, असे कधीही चालणार नाही. जमत असेल त्याने तर लाकडासाठी खास बनवलेली गोल करवतच घ्यावी, असे मला वाटते. तिला खालून आपोआप मिटणारे झाकण असते. पण ती महाग पडते, आणि रोजंदारीवर काम करणाऱ्याला हे सांगणे सोपे आहे, त्याने घेणे अवघड आहे.

विजेच्या रंध्याचे पाते लहान आणि सरळ असते. त्याची खूण फळीच सांगते. रंधा मारल्यावर फळीवर सगळीकडे एक लांब उंचवटा राहत असेल, तर पात्याला तिथे कपचा गेलेला आहे.

लोखंड कापणारी चकती यांहून वेगळी. तिला दात नसतात. ती कठीण दाणे आणि राळ यांची बनलेली असते आणि वापरता वापरता लहान होत जाते. ती लहान होते म्हणून बदलावी लागतेच, पण न वापरतादेखील ती जुनी होते! तिच्यातील राळ काळाने आणि दमट हवेने कमकुवत होते. म्हणून चांगल्या चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर तारीख छापलेली असते. औषधाच्या बाटलीवर पाहतो तशीच. ती तारीख उलटली असेल, चकती पावसात भिजली असेल किंवा हातातून पडली असेल तर ती लावू नये. फिरताना अशी चकती फुटली तर तिचे तुकडे सगळीकडे उडतात.

फरशी आणि कडप्पा कापणाऱ्या पात्याची गंमत सर्वांत न्यारी. त्याच्या कडेला धातूत मिसळलेले हिऱ्याचे बारीक कण असतात. धातू झिजतो, तसे आतले नवे कण वर येतात आणि कापत राहतात. कधी कधी फार कठीण दगडावर धातू झिजतच नाही. वरचे कण गुळगुळीत होतात आणि पाते नुसते घसरत राहते. नवशिक्या म्हणतो, पाते संपले. जाणता कारागीर साधी वीट घेतो आणि त्याच पात्याने तिच्यात दोन-चार काप मारतो. विटेने धातू घासला जातो, नवे हिरे उघडे पडतात आणि पाते पुन्हा कापू लागते. कडेचा हिरेवाला भाग झिजून पात्याच्या अंगाला टेकला की मात्र खरोखर बदलायची वेळ झाली.

जुन्या पात्याचे काय करायचे? ते कचऱ्याच्या पिशवीत तसेच टाकले तर कचरा उचलणाऱ्याचा हात कापेल. जाड पुठ्ठ्यात गुंडाळून, चिकटपट्टी लावून ते भंगारवाल्याला द्यावे. त्याआधी खिळ्याने किंवा मार्करने त्यावर ठळक फुली मारावी. नाहीतर घाईच्या दिवशी कोणीतरी पेटीतून तेच उचलून पुन्हा लावते.

तो मुलगा आता कॉलेजात आहे. भाऊ आठ बोटे आणि दोन अंगठे यांऐवजी सात बोटे आणि दोन अंगठे घेऊन पुन्हा काम करतो. प्रत्येक नव्या पात्यावर तो लावल्याची तारीख मार्करने लिहितो. एक दात नसलेले ते पाते त्याने टाकले नाही. ते हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून ठोकलेले आहे. पेटी उघडली की पहिल्यांदा तेच दिसते. नवा हाताखालचा मुलगा आला की त्याला ते दाखवून तो सांगतो, "जळका वास आला की मला हाक मारायची. मी ओरडलो तरी मारायची."